छेदात काय घ्यायचे? वृद्ध वाहनचालकांविषयीच्या एका प्रश्नाचा इतिहास

सन २०१९ च्या पहिल्या चार महिन्यांत जगाच्या दोन टोकांना दोन मोटार अपघात झाले. १७ जानेवारीला इंग्लंडमध्ये सँडरिंगहॅमजवळ राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांची गाडी मुख्य रस्त्यावर येताना दुसऱ्या मोटारीला धडकून उलटली. त्या वेळी त्यांचे वय ९७ वर्षांचे होते. त्यांना फारशी दुखापत झाली नाही. दुसऱ्या मोटारीतील एका महिलेचे मनगट मोडले, आणि त्याच गाडीतील नऊ महिन्यांचे मूल सुदैवाने बचावले. कललेल्या सूर्याची तिरीप डोळ्यांवर आल्यामुळे आपल्याला गाडी दिसली नाही, असे त्यांनी नंतर पत्रात लिहिले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला परवाना परत केला.

दुसरा अपघात १९ एप्रिलचा. तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याची मोटार भर चौकातून वेगाने गेली. सायकलवरून चाललेली ३१ वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागच्या जागी ठार झाल्या. इतर अनेकजण जखमी झाले. गाडीत बिघाड झाला असे चालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला आणि तो तसाच राहिला, असा निष्कर्ष काढून २०२१ मध्ये न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली.

दोन्ही देशांत एकच प्रश्न विचारला गेला : इतक्या वयाच्या माणसांना गाडी चालवू द्यावी का? प्रश्न रास्त आहे. मरण पावलेल्या तीन वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी तो विचारला तर त्यांना आकडेवारी ऐकवून गप्प करणे कोणालाही शोभणार नाही. पण कायदा करताना एका अपघातावरून निर्णय घेता येत नाही. ‘वृद्ध चालक इतरांपेक्षा धोकादायक असतात का?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न गेली पन्नास-साठ वर्षे चालू आहे. हे उत्तर प्रत्येक वेळी छेदात कोणती संख्या घेतली त्यावर अवलंबून राहिले. म्हणून हा इतिहास विज्ञानाच्या आणि गणिताच्याही शिक्षकांनी माहीत करून घेण्याजोगा आहे.

परवाना आधी, परीक्षा नंतर

मोटार चालवण्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. सुरुवातीला तसे नव्हते. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटार कायद्याने परवाना आणला, तो पाच शिलिंग भरून मिळत असे. वय १७ पूर्ण हवे, एवढीच अट होती. वरच्या वयाला मर्यादा नव्हती, आणि गाडी चालवता येते की नाही हे कोणी पाहत नसे.

पुढच्या तीस वर्षांत मोटारी वाढल्या तशी मृतांची संख्याही वाढली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मरण पावली. त्यानंतर, जून १९३५ पासून, परीक्षा सक्तीची झाली. पण १ एप्रिल १९३४ पूर्वी ज्यांनी गाडी चालवायला सुरुवात केली होती त्यांना ती माफ होती. म्हणजे या पिढीतील चालक पुढे सत्तरी-ऐंशीला पोचले तेव्हाही त्यांनी आयुष्यात कधी परीक्षा दिलेली नव्हती. वृद्ध चालकांच्या जुन्या आकडेवारीकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘वयामुळे’ दिसणारा फरक कधीकधी ‘पिढीमुळे’ असतो.

त्याच दशकात ब्रिटिशांनी दृष्टीची एक साधी कसोटी रूढ केली : चांगल्या उजेडात २५ यार्डांवरून मोटारीची क्रमांकपाटी वाचता आली पाहिजे. या कसोटीची सावली आपल्या कायद्यावरही आहे. आपल्याकडे परवान्यासाठी डॉक्टरांनी भरून द्यायच्या नमुना १-अ मध्ये २५ मीटरवरून मोटारीची क्रमांकपाटी ओळखता येते का, हा प्रश्न आजही असतो.

डोळ्यांचा तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही

वय वाढते तशी दृष्टी बदलते, यात शंका नाही. बाहुली लहान होते, डोळ्यातील भिंग पिवळसर आणि गढूळ होते. त्यामुळे साठ वर्षांच्या माणसाच्या दृष्टिपटलावर वीस वर्षांच्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो, असे वील या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास दाखवून दिले. समोरून दिव्यांचा झोत आला की डोळे दिपतात आणि पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणूनच अनेक वयस्कर मंडळी आपण होऊन रात्रीचे वाहन चालवणे सोडतात.

मग क्रमांकपाटी वाचून, किंवा नेदरलँड्सच्या स्नेलेनने १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता वाचून, धोकादायक चालक ओळखता येतील का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आल्बर्ट बर्ग यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना तपासून पाहिली. त्यांनी सुमारे १७,५०० चालकांची दृष्टी तपासली आणि त्यांच्या अपघातांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. अपेक्षा होती की दृष्टी जितकी कमी तितके अपघात जास्त. पण संबंध आढळला तो अगदी क्षीण. पुढे १९७७ मध्ये याच माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले. तेव्हाही तरुणांत संबंध आढळला नाही. ५४ वर्षांवरील चालकांत तो आढळला, पण तोही इतका दुबळा होता की त्यावरून एखाद्या व्यक्तीविषयी काही भाकीत करणे शक्य नव्हते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. तक्ता वाचताना माणूस बसलेला असतो, अक्षर स्थिर असते, उजेड पुरेसा असतो आणि त्याला एकच काम करायचे असते. रस्त्यावर यातले एकही खरे नसते. समोरच्या गाडीकडे पाहत असतानाच डावीकडून येणारे पोर दिसावे लागते. हे काम डोळ्यांइतकेच मेंदूचे आहे. अमेरिकेत कार्लीन बॉल आणि सिंथिया औस्ली यांनी याच क्षमतेचे मोजमाप करणारी चाचणी विकसित केली. पडद्यावर मध्यभागी एक चित्र आणि कडेला दुसरे चित्र क्षणभर दाखवायचे, आणि दोन्ही ओळखता आली का ते पाहायचे. एका दृष्टिक्षेपात माणूस किती क्षेत्रातली माहिती घेऊ शकतो, हे त्यातून कळते. ५५ ते ८७ वर्षांच्या २९४ चालकांवर त्यांनी तीन वर्षे लक्ष ठेवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांचे हे ‘उपयोगी दृष्टिक्षेत्र’ ४० टक्के किंवा अधिक घटले होते त्यांना अपघात होण्याची शक्यता इतरांच्या २.२ पट होती. सगळेजण वयस्करच होते. तरी त्यांच्यात एवढा फरक होता. म्हणजे जन्मतारीख सारखी असली तरी धोका सारखा असेलच असे नाही.

तीन भागाकार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वृद्ध चालकांना अपघात जास्त होतात का? अपघातांची संख्या हा अंश. छेदात काय घ्यायचे? लोकसंख्या, परवानाधारकांची संख्या की त्यांनी कापलेले किलोमीटर?

दरमाणशी पाहिले तर वृद्ध चालक बहुतेक देशांत सुरक्षित ठरतात, कारण ते गाडी थोडी चालवतात. ‘मग हे बरोबर नाही, दर किलोमीटरमागे पाहा’ असे म्हणणे साहजिक आहे. तसे पाहिले की आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो : अगदी तरुण चालकांत अपघात जास्त, मध्यमवयात कमी, आणि सत्तरीनंतर पुन्हा चढ. अनेक वर्षे हा आलेख वृद्ध चालकांविरुद्धचा पुरावा म्हणून दाखवला जाई.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागातील संशोधक मेरी जँके यांनी या पुराव्यातील एक खोट दाखवून दिली. जो चालक वर्षाला थोडे अंतर कापतो, तो बहुधा गावातल्या गावात फिरतो : बाजार, दवाखाना, नातलगांचे घर. त्याच्या वाटेवर चौक, वळणे, पादचारी फार. जो वर्षाला पुष्कळ अंतर कापतो, त्याचा मोठा वाटा महामार्गावरचा असतो. तेथे वेग जास्त असला तरी समोरासमोर येणारी वाहने व चौक कमी, म्हणून दर किलोमीटरमागे अपघात कमी. त्यामुळे कमी अंतर कापणाऱ्या कोणत्याही वयाच्या गटाचा दर किलोमीटरचा अपघातदर फुगलेलाच दिसणार.

वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल असे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वर्षाला ३,००० किलोमीटर चालवणाऱ्यांचा अपघातदर दर लाख किलोमीटरला ३ आणि वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्यांचा दर १ आहे. हे दर तरुण आणि वृद्ध दोघांनाही सारखेच लागू आहेत, असे मुद्दाम धरू. एक हजार तरुणांपैकी २०० जण थोडे आणि ८०० जण खूप चालवतात. त्यांचे एकूण अंतर ६ लाख अधिक १२० लाख, म्हणजे १२६ लाख किलोमीटर. आणि अपघात १८ अधिक १२०, म्हणजे १३८. एक हजार वृद्धांत प्रमाण उलटे : ८०० जण थोडे आणि २०० जण खूप चालवतात. त्यांचे अंतर २४ लाख अधिक ३० लाख, म्हणजे ५४ लाख किलोमीटर. आणि अपघात ७२ अधिक ३०, म्हणजे १०२.

आता भागाकार करा. दरमाणशी : हजार तरुणांत १३८ अपघात, हजार वृद्धांत १०२. वृद्ध सुरक्षित! दर लाख किलोमीटरमागे : तरुणांत सुमारे १.१, वृद्धांत सुमारे १.९. वृद्ध जवळजवळ पावणेदोनपट धोकादायक! आणि सारखेच अंतर कापणाऱ्या तरुण-वृद्धांची तुलना केली तर फरक शून्य, कारण तसे आपणच धरले होते. माहिती एकच, उत्तरे तीन. आणि तिन्ही भागाकार बिनचूक.

हे नुसते कागदावरचे गणित राहिले नाही. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ लीसा हाकामिस-ब्लोमक्विस्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुण आणि ६५ वर्षांवरील चालकांची तुलना त्यांनी कापलेल्या अंतरानुसार गट पाडून केली. दर किलोमीटरमागील फरक नाहीसा झाला. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या माहितीवरून हेच पुन्हा तपासले गेले. तेथेही बहुसंख्य वृद्ध चालक इतरांइतकेच सुरक्षित आढळले. ज्यांचा अपघातदर खरोखर वाढलेला होता, ते वर्षाला ३,००० किलोमीटरपेक्षा कमी चालवणाऱ्या छोट्या गटात होते.

दुसरी एक गोष्ट आकडेवारीत लपलेली असते. अपघातांच्या नोंदी पूर्ण आणि खात्रीच्या असतात त्या मुख्यतः मृत्यूच्या बाबतीत. म्हणून संशोधक बरेचदा मृत्यू मोजतात. पण ज्या धडकेत पंचविशीतला तरुण खरचटून उठतो, त्याच धडकेत पंचाहत्तरीच्या माणसाच्या बरगड्या मोडतात आणि फुप्फुसाच्या दाहाने त्याचा अंत होऊ शकतो. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात वृद्ध चालकांच्या दर मैलामागील जादा मृत्यूंचे दोन भाग केले गेले : अपघात जास्त झाल्यामुळे किती आणि शरीर नाजूक असल्यामुळे किती. नाजूकपणाचा वाटा वयोगट आणि लिंग यांनुसार ६० ते ९५ टक्के निघाला. वृद्ध चालक जास्त प्रमाणात मरतात, याचा अर्थ ते इतरांना जास्त प्रमाणात मारतात असा होत नाही.

म्हातारपणाचा काहीच परिणाम होत नाही, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. वृद्धांचे अपघात वेगळ्या जातीचे असतात. तरुणांचे अपघात वेग, रात्र आणि मद्य यांच्याशी निगडित; वृद्धांचे चौकात, विशेषतः समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून वळताना. आपल्याकडे ते उजवे वळण, अमेरिकेत डावे. समोरच्या गाडीचा वेग जोखणे, दोन-तीन दिशांना एकाच वेळी लक्ष ठेवणे आणि झटकन निर्णय घेणे, ही तिन्ही कामे तेथे एकत्र येतात.

फिनलंड आणि स्वीडन : अनायासे घडलेला प्रयोग

आता परवान्याच्या कायद्याकडे येऊ. ठराविक वयानंतर सर्वांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली तर अपघात कमी होतील का? खरा प्रयोग करायचा तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्या वृद्धांची तपासणी करावी लागेल आणि अर्ध्यांची नाही. असे कोणतेही सरकार करणार नाही. पण कधीकधी इतिहास आपणहून प्रयोग मांडून देतो.

फिनलंड आणि स्वीडन हे शेजारी देश. हवामान सारखे, हिवाळ्यातील बर्फाळ रस्ते सारखे, राहणीमान आणि वाहनेही बरीचशी सारखी. फरक परवान्यात होता. फिनलंडमध्ये परवाना सत्तरीपर्यंत चाले. नंतर तो नवा करायला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागे. स्वीडनमध्ये कोणत्याही वयाला तपासणी नव्हती. दर दहा वर्षांनी नवा फोटो दिला की झाले. हाकामिस-ब्लोमक्विस्त, कुर्ट योहान्सन आणि कातरिना लुंडबर्ग यांनी दोन्ही देशांची आकडेवारी शेजारी-शेजारी ठेवली. त्यांचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तपासणी असलेल्या फिनलंडमध्ये वृद्ध चालकांचे अपघात कमी असतील, अशी अपेक्षा होती. तसे आढळले नाही. फरक आढळला तो दुसरीकडेच : मोटारीबाहेरच्या, म्हणजे पायी वा सायकलने जाणाऱ्या वृद्धांच्या मृत्यूंचे प्रमाण फिनलंडमध्ये जास्त होते. संशोधकांनी सुचवलेले स्पष्टीकरण असे : तपासणीच्या कटकटीमुळे किंवा नापास झाल्यामुळे ज्यांनी गाडी सोडली, ती माणसे घरात बसून राहिली नाहीत. बाजारहाट, दवाखाना चुकत नव्हताच. ती पायी निघाली. आणि ज्या माणसाची नजर व चपळता मोटार चालवण्याइतकी उरलेली नाही, ती रहदारीचा रस्ता ओलांडायला तरी कुठे पुरेशी असते? फरक इतकाच की आता त्याच्याभोवती मोटारीचा पत्राही नव्हता.

दोन देशांची तुलना हा निर्णायक पुरावा नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. दोन देशांत न मोजलेले इतर फरक असू शकतात. म्हणून हाच निष्कर्ष दुसरीकडे येतो का, हे पाहणे आवश्यक ठरते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात ठराविक वयानंतर वैद्यकीय तपासणी आणि प्रत्यक्ष चालवण्याची चाचणी होती. शेजारच्या व्हिक्टोरियात वयावर आधारलेली कोणतीच सक्ती नव्हती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत चाचणीचा सुरक्षिततेला काही फायदा झाल्याचे दिसले नाही. डेन्मार्कने २००६ मध्ये सत्तरीवरील चालकांच्या तपासणीत स्मरणशक्ती आणि आकलनाची छोटी चाचणी घातली. येथे तुलना दोन देशांची नव्हती. एकाच देशातील आधीच्या आणि नंतरच्या काळाची होती. २०१२ मध्ये निष्कर्ष आले : वृद्ध चालकांच्या प्राणघातक अपघातांत घट झाली नाही, आणि पायी व सायकलने जाणाऱ्या वृद्धांचे मृत्यू मात्र वाढले. तरुण वयोगटात तशी वाढ नव्हती. २०१७ मध्ये डेन्मार्कने केवळ वयावर आधारलेली ही सक्ती काढून टाकली.

जपानचा अनुभव

जपान उलट दिशेने गेला. तेथील लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत मोडते, त्यामुळे हा प्रश्न तेथे घरोघरचा आहे. १९९७ मध्ये वयस्कर चालकांनी गाडीवर लावायच्या खुणेची पद्धत सुरू झाली. खूण होती शरद ऋतूतील मॅपलच्या पानाची. ‘आम्हांला वाळलेले पान म्हणता काय?’ अशी वृद्धांनी नाराजी दाखवली, आणि २०११ मध्ये ती बदलून चार पाकळ्यांच्या रंगीत पानाची करण्यात आली. १९९८ पासून ७५ वर्षांवरील चालकांना नूतनीकरणाआधी व्याख्यान व उजळणी सक्तीची झाली. २००९ मध्ये आकलनचाचणी आली. २०१७ मध्ये, या चाचणीत स्मृतिभ्रंशाची शंका आल्यास डॉक्टरांकडे जाणे बंधनकारक झाले. इकेबुकुरोच्या अपघातानंतर लोकमत खवळले. २०१९ या एका वर्षात सुमारे सहा लाख लोकांनी स्वेच्छेने परवाने परत केले. २०२२ पासून, ७५ वर्षांवरील ज्या चालकांच्या नावावर ठराविक नियमभंगांची नोंद आहे त्यांना रस्त्यावरची प्रत्यक्ष चाचणीही द्यावी लागते.

या उपायांचे फळ काय? त्सुकुबा विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०१७ च्या बदलानंतर ७५ वर्षांवरील पुरुष चालकांचे अपघात कमी झाल्याचे आढळले. म्हणजे डेन्मार्कपेक्षा येथे चित्र थोडे वेगळे आहे. चाचणीचा काही उपयोग झाला. पण त्याच अभ्यासात पायी व सायकलने जाणाऱ्या वृद्धांच्या दुखापती वाढल्याचेही आढळले. फिनलंडमध्ये पहिल्यांदा दिसलेली छाया सत्तावीस वर्षांनी जपानमध्येही दिसली.

शिवाय रस्त्यावरच्या नोंदींत न येणारी एक किंमत आहे. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, गाडी चालवणे सोडलेल्या वृद्धांत नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. जेथे बस दिवसातून दोनदाच येते अशा गावात परवाना जाणे म्हणजे भजनाला, मित्रांकडे, डॉक्टरांकडे जाणे बंद होणे. हे समजायला जपानलाच जायला हवे असे नाही.

मग दोष कोठे शोधायचा?

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग तपासणी नकोच. तसेही नाही. फिनलंडच्या तुलनेतील एक संशोधक, योहान्सन, यांनी अपघातात मरण पावलेल्या ९८ वृद्ध चालकांच्या मेंदूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. १९९७ मध्ये त्यांनी कळवले की सुमारे एकतृतीयांश मेंदूंत अल्झायमर रोगाच्या निदानाइतके बदल होते, आणि आणखी काहींत तशी शंका घेण्याजोगी चिन्हे होती. म्हणजे आजार खरा आहे आणि रस्त्यावर तो जीव घेतो. अडचण अशी की सरसकट तपासणीच्या जाळ्यात ही माणसे नेमकी सापडत नाहीत, आणि ज्यांचा काही दोष नाही अशी पुष्कळ माणसे, विशेषतः सावध स्वभावाची, त्या जाळ्याच्या धास्तीने आपण होऊन बाजूला होतात. सावध माणूस बाजूला होतो आणि ज्याला आपली चूकच कळत नाही तो चालवत राहतो, असे घडले तर तपासणीचा उद्देशच फसतो.

उपयोगी ठरलेले उपाय बहुधा विशिष्ट दोषाला हात घालणारे आहेत. औस्ली यांनी २००२ मध्ये मोतीबिंदू असलेल्या ५५ ते ८४ वयाच्या २७७ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली त्यांचा अपघातदर न करून घेतलेल्यांच्या सुमारे निम्मा होता. परवाना काढून घेण्याऐवजी मोतीबिंदू काढला, आणि रस्ताही सुरक्षित झाला! रस्त्याची रचना हा दुसरा उपाय. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने १९९८ मध्ये वृद्ध चालकांना डोळ्यांपुढे ठेवून रस्ते आखण्याची पुस्तिका काढली : मोठ्या अक्षरांच्या पाट्या, वळणाऱ्या वाहनांसाठी स्वतंत्र सिग्नल, ठळक पट्टे. अशा सोयींचा लाभ नवशिक्या चालकाला आणि पादचाऱ्यालाही मिळतो. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सत्तरीवरील चालकांची संख्या वाढत गेली, आणि तरीही परवानाधारकांमागे त्यांच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण मध्यमवयीन चालकांपेक्षा अधिक घटले. आजचे सत्तरीचे लोक पूर्वीच्यांपेक्षा निरोगी आहेत आणि त्यांच्या गाड्याही सुरक्षित आहेत, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

आपल्याकडे

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली. तीनुसार खाजगी वाहनाचा परवाना काढताना वय ३० च्या आत असेल तर तो चाळिशीपर्यंत चालतो; ३० ते ५० या वयात काढला तर दहा वर्षे, ५० ते ५५ मध्ये काढला तर साठीपर्यंत, आणि त्यापुढे दर वेळी पाच वर्षे. चाळिशीनंतर नमुना १-अ मधील डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. कागदावर हे फिनलंडपेक्षाही कडक आहे. प्रत्यक्षात ते प्रमाणपत्र किती गंभीरपणे तपासून दिले जाते, हे प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारावे.

आपला छेदही वेगळा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पादचारी होती. म्हणजे मोटारीच्या पत्र्याचे संरक्षण नसलेली माणसेच आपल्याकडे बहुसंख्य मरतात. फिनलंड-डेन्मार्कमध्ये गाडी सोडून पायी निघालेल्या वृद्धाला निदान पदपथ होता. आपल्या वृद्धाला बहुधा तोही नसतो. असला तर त्यावर दुकान मांडलेले असते. अहवालातील वयोगटाची शेवटची ओळ ‘६० आणि अधिक’ अशी आहे. निवृत्त होऊन दोनच वर्षे झालेले गुरुजी आणि पंचाऐंशीच्या आजी एकाच रकान्यात! वयोगटानुसार कोणी किती किलोमीटर वाहन चालवले, याचा रकाना तर त्यात नाहीच. छेदच हाती नसताना ‘म्हातारे धोकादायक’ किंवा ‘म्हातारे सुरक्षित’ असे कोणतेही विधान आपण आकड्यांच्या आधारे करू शकत नाही.

वर्गासाठी एक काम सुचवतो. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील आणि शेजारच्या साठीवरील पाच-पाच माणसांना विचारावे : वाहन चालवता का? आठवड्यातून साधारण किती किलोमीटर? रात्री चालवता का? सोडले असेल तर कधी आणि का सोडले? आता बाजारात कसे जाता? वर्गातील सर्वांची उत्तरे एकत्र करून तक्ता मांडावा, आणि वर दिलेले तीन भागाकार त्यावर करून पाहावेत. दोन-तीन अपघातांवरून काही निष्कर्ष निघणार नाही, आणि तो काढूही नये. पण प्रत्येक माणसामागे, प्रत्येक किलोमीटरमागे आणि प्रत्येक फेरीमागे अशी तीन वेगळी उत्तरे मिळतात, हे मुलांना हाताने करून कळेल. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे मात्र त्यांना घरी आजी-आजोबांबरोबर बसूनच लिहून आणावी लागतील.